डावीकडून दुसरं पेडल

माझ्या थोरल्या नणंदबाईंना अर्धं शहर ब्रेकताई म्हणून ओळखतं. बत्तीस वर्षं त्यांनी एकाच मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवली. डॉक्टर, शिंपी, बँकेतले साहेब, नवऱ्याशी भांडून तडक शिकायला आलेल्या बायका, सगळे त्यांच्या हाताखालून गेले. खरं तर पायाखालून म्हणायला हवं, कारण शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही दोन पेडलं बसवलेली असतात. डावीकडे क्लच, उजवीकडे ब्रेक. स्टीअरिंग नाही, ॲक्सिलरेटर नाही. पळवायची शिकणाऱ्याने आणि थांबवायची मास्तरीणबाईंनी. "उंटावरून शेळ्या हाकणं सोपं," ताई म्हणायच्या, "इथे शेळ्याच उंट हाकत असतात आणि मी नुसती वर बसलेली."

गाडी बरी चालली की शिकणाऱ्याला 'तुम्ही', चुकली की 'तू', असा त्यांचा कायदा. एका न्यायाधीशबाईंनी म्हणे सलग अठरा दिवस 'तू' ऐकून घेतलं. एकोणिसाव्या दिवशी ताई म्हणाल्या, "आता तुम्ही वळवा," तर बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

स्वतःची गाडी मात्र ताईंकडे कधी नव्हती. स्कूलची गाडी संध्याकाळी मालकाच्या दारात उभी राहायची आणि ताई बसने घरी यायच्या. आमच्याकडेच राहतात त्या, मागच्या खोलीत. लग्न केलं नाही. मी या घरात नवी असताना धीर करून एकदा विचारलं होतं, तर म्हणाल्या, "माझा सिग्नल हिरवा होईपर्यंत मागचे हॉर्न वाजवून निघून गेले. सुटले बिचारे."

निवृत्तीला चार महिने झाले असतील. एका रविवारी सकाळी त्यांनी चहाच्या कपाशेजारी एक गुळगुळीत माहितीपत्रक ठेवलं आणि म्हणाल्या, "मी गाडी घेतेय."

आमचे हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "छान. छोटीशीच घे. चार दारांची, म्हणजे आपल्याला सगळ्यांना..."

"दोन दारांची."

"दोन?" पेपर खाली आला.

"एक मला. दुसरं गाडीला शोभा म्हणून."

पत्रकावर एक बुटकी, रुंद खांद्यांची, मागून उतरत्या छपराची गाडी होती. स्पोर्ट्स कूपे. गडद पिवळी. ताईंनी ती पहिल्यांदा पाहिली ती सिग्नलला. स्कूलच्या गाडीशेजारी येऊन थांबली होती. शिकणारा मान वाकडी करून बघायला लागला, तेव्हा ताई त्याच्यावर खेकसल्या, "तू समोर बघ!" आणि त्याची मान सरळ झाल्यावर स्वतः बघून घेतली. मग वर्षानुवर्षं कुठल्या ना कुठल्या सिग्नलला बघत राहिल्या.

"अगं ताई, या वयात ही पोरासोरांची गाडी?" हे म्हणाले. "आणि मागे माणूस बसणार कुठे? ही मागची सीट आहे की चपला ठेवायची फळी?"

"म्हणूनच. चार दारं असली की मागे कोणीतरी बसतंच. बत्तीस वर्षं माझ्या मागे तिघं-तिघं बसलेत. आपली पाळी येईपर्यंत दाणे खाणारे, फोनवर सासूचा उद्धार करणारे, आणि माझ्या आधी ब्रेक ओरडणारे. आता मागे वळून पाहिलं तर मला काच दिसली पाहिजे."

"आणि मला कुठे सोडायचं असलं तर?" मी स्वयंपाकघरातून विचारलं.

"पुढे बस ना! एकाचीच जागा आहे, म्हणजे कोणाला बसवायचं ते मला ठरवता येईल."

पैसे त्यांचे होते, त्यामुळे त्या बाजूने कोणाला काही बोलता येईना. घोडं अडलं ते दुसरीकडेच. गाडी दोन प्रकारांत मिळत होती. अंग तेच, रंग तोच, दिवे तेच. एकीत गिअर हाताने टाकायचे, क्लच चांगला कडक, सीट शाळेच्या बाकासारखी. दुसरी ऑटोमॅटिक. तिला क्लचच नाही, सीट मऊ, आणि मागचं सगळं दाखवणारा कॅमेरा. ताईंचं बोट पहिलीवर होतं. बाकी सगळ्या घराचं दुसरीवर.

याचं कारण ताईंचा डावा गुडघा. क्लच दाबून दाबून तो झिजला होता, दोन वर्षांपूर्वी त्यावर शस्त्रक्रिया झाली होती आणि अजूनही जिना उतरताना त्या कठड्याला काहीतरी पुटपुटतात. आमचे हे विमा कंपनीत अपघाताच्या गाड्या तपासतात. त्यामुळे यांना रस्त्यावरची गाडी दिसायच्या आधी तिचा चेपलेला पत्रा दिसतो. "एका पायाची गाडी घे," हे म्हणाले. "डाव्या पायाला जन्मभर सुट्टी." लेकीला फोन लावला, तर ती तिकडून म्हणाली, "आत्या, आजकाल गिअर कोण टाकतं?" मीही ऑटोमॅटिकच म्हणाले. खोटं कशाला सांगू? रात्री गुडघ्याला शेकायची पिशवी मीच भरून देते.

ताईंनी तिघांकडे एकेकदा बघितलं. "बरं. बघू तुमची ऑटोमॅटिक." बत्तीस वर्षांत त्यांनी दुसऱ्याच्या सांगण्यावरून वळण घेतल्याचं मी तरी ऐकलेलं नव्हतं.

शोरूममधले गृहस्थ निळा टाय लावलेले, पन्नाशीचे, बोलायला मधाळ. पण सगळं बोलणं यांच्याशी. "सर, मॅडमना ही फार सोपी जाईल. सर, मॅडमच्या वयाची मंडळी हीच घेतात."

"मॅडम इथेच आहेत," ताई म्हणाल्या. "पत्ता बदललेला नाही."

यांनी बुकिंगचा फॉर्म भरूनही टाकला, पण आधी आवारात एक फेरी मारायची ठरलं. शोरूमच्या मागे लांबट फरशी घातलेली जागा होती, कडेने कुंड्यांची रांग, तिथे एक माळी पाइपने पाणी घालत होता. निळे टायवाले ताईंच्या शेजारी बसले. "मॅडम, डावा पाय पार मागे घ्या. त्याला इथे काहीही काम नाही." ताईंनी पाय मागे घेतला. गाडी हळूच निघाली, पहिल्या फेरीत मांजरासारखी गेली आणि हे पायरीवर उभे राहून मला म्हणाले, "बघ. सांगत होतो की नाही?"

दुसऱ्या फेरीला वर्कशॉपच्या बाजूने एक व्हॅन उलटी मागे येऊ लागली. कोणी शिटी वाजवली नाही, काही नाही. ताईंनी ती पाहिली, आमच्याही आधी पाहिली. मान वळलेली मला स्पष्ट दिसली. आणि थांबायच्या ऐवजी गाडी डरकाळी फोडून पुढे उसळली. ताईंनी स्टीअरिंग फिरवलं म्हणून व्हॅन वाचली. गाडी कडेच्या दगडावर चढली, तीन कुंड्या फुटल्या आणि माळी पाइपसकट असा बाजूला उडाला की पाण्याची चिळकांडी थेट उघड्या खिडकीतून निळ्या टायवर. गाडी तिथेच अडकली.

ताई उतरल्या. चेहरा पांढराफटक. गाडीकडे बघितलंही नाही. लंगडत आधी माळ्याकडे गेल्या. "लागलं का हो?"

"मला नाही, बाई," तो म्हणाला. तो फुटक्या कुंडीशी वाकला. "शेवंती गेली."

आम्ही घरी आलो. चपला काढता काढता हे म्हणाले, "ताई, आता पुरे. रागावू नकोस, पण मी रोज बघतो असल्या गाड्या. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबलेला असतो. वय झालं की होतं. सत्तर टक्के वेळा हेच."

"मी एकसष्ट वर्षांची आहे."

"आज शेवंती गेली. उद्या माणूस जाईल. लायसनची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय ना? नूतनीकरण करू नकोस. बसचा पास आहे, मी आहे, टॅक्सी आहे."

नेहमीच्या ताई असत्या, तर यांची तिथल्या तिथे सालटी निघाली असती. पण त्या मागच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. मला ते दार फार लागलं. गाडी येणं न येणं वेगळं. या बाईला आपल्या पायाची खात्री उरली नाही, तर बत्तीस वर्षांचं उरलं काय? दोन दिवस त्या जेवायला यायच्या, मुकाट जेवायच्या. एकदा हात पुढे करून मला म्हणाल्या, "थरथरतात का गं? नीट बघ. माझं मन राखायला काही बोलू नकोस." मी नीट बघितलं. नव्हते थरथरत.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी शेंगा निवडत बसले होते, तर मागच्या खोलीतून फट्, फट् असा आवाज. थोडा वेळ शांतता, मग पुन्हा फट्. डोकावले तर ताई खुर्चीत बसलेल्या, पायांशी माझ्या दोन स्लिपरी शेजारी शेजारी ठेवलेल्या, आणि उजव्या पायाने त्या एका स्लिपरला बडवत होत्या.

"बरं झालं आलीस. मी पेपर वाचते. तू मध्येच, मला कळणार नाही अशी, 'थांब' म्हणून ओरड."

"कोणाला ओरडू?"

"मलाच! घरात दुसरं कोण आहे? आणि 'थांबा' नको म्हणूस. मानाने ओरडलं तर पाय दचकत नाही."

थोरल्या नणंदेला 'थांब' म्हणून ओरडायची सोय किती जणींना मिळते? पहिल्यांदा जीभच उचलेना. तिसऱ्या-चौथ्यांदा मात्र असा काही घसा मोकळा झाला की शेजारीण दारावर थाप मारून गेली, सगळं ठीक आहे ना म्हणून. जवळजवळ दर वेळी ताईंचा उजवा पाय उजव्या स्लिपरवर आदळायचा. वीस वेळा ओरडले. एकोणीस वेळा उजवी.

"आता हे बघ." त्यांनी उजवीकडे तिसरी स्लिपर ठेवली, यांची. "ही तीन पेडलं. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. पाय ॲक्सिलरेटरवर ठेवते. ओरड."

पुन्हा वीस वेळा ओरडले. वीसच्या वीस वेळा पाय तिसरी सोडून मधलीवर गेला. मी शेंगांच्या कागदावर रेघा मारत होते. ताईंनी तो कागद माझ्या हातातून घेतला, बराच वेळ बघितला आणि त्यांच्या चेहऱ्यावर तीन दिवसांनी रंग आला.

"माझा पाय डावीकडून मोजतो गं," त्या म्हणाल्या. "पहिलं क्लच, दुसरं ब्रेक. स्कूलच्या गाडीत माझ्या बाजूला दोनच पेडलं, दुसरं ब्रेक. चालवणाऱ्याच्या बाजूला तीन, तिथेही दुसरं ब्रेकच. गाडी धुवायला आत-बाहेर करायचे, परीक्षेला न्यायचे, कुठेही बसले तरी दुसरं म्हणजे ब्रेक. आणि या तुमच्या ऑटोमॅटिकमध्ये दुसरं काय?"

मी स्लिपरींकडे बघितलं. क्लचच नाही. पहिलंच ब्रेक. दुसरं...

"ॲक्सिलरेटर," मी म्हणाले.

"एरवी सावकाश चालवताना डोकं पायाला सांगतं. पण व्हॅन आली की पाय डोक्याला विचारत बसत नाही. म्हातारपण नाही आलं मला. पाय जे शिकला तेच त्याने केलं. आणि अगदी वेळेवर केलं!"

संध्याकाळी हे आले, तेव्हा दिवाणखान्यात स्लिपरी मांडून ठेवल्या होत्या. ताईंनी सगळं सांगितलं. कागद दाखवला. यांनी तो अपघाताचा अहवाल वाचावा तसा उलटसुलट करून वाचला.

"हे पटतंय मला," हे शेवटी म्हणाले. "पण मग सवय बदल. महिनाभर ऑटोमॅटिक चालव, पाय शिकेल."

"कोणाला सांगतोस? सवयी बदलण्याचाच धंदा केलाय मी. दोन महिन्यांची वाईट सवय मोडायला मला सहा महिने लागायचे. बत्तीस वर्षांची मोडायला किती लागतील, कर हिशेब. आणि त्यात एखाद्या दिवशी माळी उडी मारायला विसरला म्हणजे?"

"आणि गुडघा? त्या गिअरवालीचा क्लच दगडासारखा आहे."

"गुडघा दुखेल. दुखला तर मला दुखेल. पाय चुकला तर दुसऱ्याला लागेल. तूच सांग, विमावाल्या. धोक्याची गाडी कुठली?"

यांचा आवाज चढला. "हे बघ, मी काही त्या शोरूममध्ये पुन्हा तोंड दाखवणार नाही. तुला काय करायचं ते कर. पण मला मान्य नाही, हे लक्षात ठेव."

"ठेवलं," ताई म्हणाल्या आणि स्लिपरी उचलल्या.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाऊन लायसनच्या नूतनीकरणाचा अर्ज दिला. मग गुडघ्याचे व्यायाम सुरू केले. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रबरी पट्टा दिला होता. त्याचं एक टोक जेवणाच्या टेबलाच्या पायाला आणि दुसरं ताईंच्या पावलाला. सकाळी शंभर वेळा, संध्याकाळी शंभर वेळा. टेबल दर खेपेला बोटभर सरकायचं. आठवड्याअखेरीस ते भिंतीपासून इतकं लांब आलं की हे जेवायला बसले आणि खुर्ची मागे न्यायला जागाच उरली नाही. "हे टेबल कुठे निघालंय?" यांनी विचारलं. मी म्हटलं, "शोरूमला." हे हसले नाहीत. ताईही हसल्या नाहीत. भाऊ-बहीण एकमेकांच्या ताटाकडे बघून जेवत राहिले. तीन आठवडे असेच गेले.

चौथ्या आठवड्यात आम्ही दोघी टॅक्सीने निघालो. ताईंच्या पायांशी तीन कुंड्या होत्या, फुललेल्या शेवंतीच्या. चौथी मांडीवर घेऊन मी बसले होते, ती आमच्याकडून जास्तीची. शोरूममध्ये शिरल्यावर ताई निळ्या टायवाल्यांकडे गेल्याच नाहीत. आवारात जाऊन त्यांनी कुंड्या माळ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी होती. पाय चुकला. का चुकला तेही सांगते." आणि त्याला सगळं समजावलं, डावीकडून पहिलं, डावीकडून दुसरं. माळ्याने खुरपं बाजूला ठेवून ऐकलं.

तेवढ्यात निळे टायवाले आलेच. आज टाय करडा होता, पण मी त्यांना निळे टायवालेच म्हणणार. गिअरवाली चालवून बघायचीय म्हटल्यावर त्यांचा मध आटला. "मॅडम, गिअरवाली आम्ही आता मागणी असेल तरच मागवतो. दाखवायला एकच आहे. आणि तुमच्या मागच्या वेळेनंतर... वरून परवानगी लागेल. ऑटोमॅटिकच सुरक्षित आहे हो, सगळी वयस्कर मंडळी..."

"सगळी वयस्कर मंडळी बत्तीस वर्षं दुसऱ्या पेडलवर पाय ठेवून बसली होती का?"

"तसं नाही, पण नियम..."

"कुठला नियम? लिहिलेला असेल तर दाखवा. मी नियमच शिकवत होते. लिहिलेला नियम मी मोडत नाही आणि न लिहिलेला पाळत नाही." पर्समधून नवं लायसन काढून त्यांनी त्यांच्या हातावर ठेवलं.

माळी मध्ये पडला. "द्या हो साहेब त्यांना गाडी. मी गच्चीत जाऊन उभा राहतो पाहिजे तर."

"गच्चीतच न्यायचीय मला," ताई म्हणाल्या. शोरूमच्या छतावर गाड्या ठेवायची जागा होती आणि तिकडे जायला बाजूने एक चढण, तीही मध्ये वळणाची. "चढावर थांबवून पुन्हा उचलते. एक वीत जरी मागे सरकली तर मी आपणहून चावी देईन आणि परत या दारात येणार नाही."

मी ताईंच्या गुडघ्याकडे बघितलं. चढावर गाडी उचलायची म्हणजे अर्धा क्लच धरून ठेवायचा. सगळा भार त्या डाव्या गुडघ्यावर. पण निळ्या टायवाल्यांना यातून सुटायचा रस्ता दिसला असावा. त्यांनी चावी आणली.

पिवळी गाडी बाहेर आली. ताई बसल्या, सीट पुढे घेतली, तिन्ही आरसे लावले, पट्टा लावला. शेजारी निळे टायवाले, दोन्ही हातांनी दार धरलेले. मी आणि माळी चढणीच्या पायथ्याशी उभे. गाडी निघाली ती अशी की पहिला गिअर कधी पडला आणि दुसरा कधी, आवाजावरून कळलंच नाही. ती चढणीला लागली आणि वळणाच्या अलीकडे थांबली. मागचे लाल दिवे लागले. बाजूच्या आरशात मला ताईंचा फक्त जबडा दिसत होता, घट्ट आवळलेला. गुडघ्यात काय चाललं असेल ते तो जबडा सांगत होता.

आणि नेमकं त्याच वेळी, गाडी पुन्हा उचलता उचलता, वरून एक कार वळण कापत समोर आली. हॉर्न नाही, काही नाही. मी डोळे मिटले.

"थांबली," माळी म्हणाला.

डोळे उघडले तर लाल दिवे लागलेले. पिवळी गाडी जागच्या जागी. वरचा ड्रायव्हर हात जोडून मागे गेला. ताईंनी गाडी पुन्हा उचलली. मागे वीत काय, बोटभरही सरकली नाही. वळण घेऊन ती गच्चीकडे दिसेनाशी झाली.

मग बराच वेळ काही नाही. पाच मिनिटं गेली असतील. आणि चढणीवरून उतरले ते निळे टायवाले. पायी. एकटे.

"काय झालं?" मी धावलेच.

"त्या म्हणाल्या, उतरा." त्यांच्या चेहऱ्यावर राग होता की कौतुक, मला सांगता येणार नाही. "म्हणाल्या, 'मी आजवर रस्त्यावर एकटीने गाडी कधी चालवलेली नाही. तुम्ही माणूस चांगले आहात, पण खाली उतरा.' मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, 'तू उतरतोस की नाही?' आणि मी उतरलो हो. कसा उतरलो मलाच कळलं नाही."

वरून पिवळी गाडी आली. आमच्यासमोरून गेली. ताईंनी आमच्याकडे बघितलं नाही, समोर बघत होत्या. आवाराच्या फाटकाशी थांबल्या, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे बघितलं आणि बाहेर रस्त्याला लागल्या.

"अहो, मॅडम! विमा! परवानगी!" निळे टायवाले फाटकापर्यंत पळाले.

अकरा मिनिटं. मी घड्याळ बघून सांगते. त्या अकरा मिनिटांत ताई कुठे गेल्या, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. परत आल्या, गाडी दोन रेघांच्या बरोबर मध्ये लावली, दार उघडलं आणि उतरताना डावा पाय हाताने उचलून बाहेर ठेवला. "फॉर्म आणा," म्हणाल्या.

फॉर्म मागच्या वेळचाच होता, यांनी भरलेला. गाडीच्या प्रकारापुढे ऑटोमॅटिक लिहिलं होतं. ताईंनी ते खोडून गिअरवाली लिहिलं आणि खाडाखोडीवर सही केली. मग निळे टायवाले पुढच्या ओळीवर बोट ठेवून जरा घुटमळले. "इथे, मॅडम... नेहमी चालवणारी व्यक्ती. इथे सरांचं नाव आहे."

मला ते ठाऊक नव्हतं. ताईंनी माझ्याकडे बघितलं, आणि मला ठाऊक नव्हतं हे त्यांना कळलं. मग भावाचं नाव एका सरळ रेघेने खोडलं, वर स्वतःचं लिहिलं, ठळक अक्षरात, शेजारच्या रकान्यात जाईल इतकं मोठं.

"आणि दुसरी व्यक्ती? पर्यायी चालक?"

"रिकामं ठेवा."

संध्याकाळी जेवताना ताईंचा पाय स्टुलावर होता आणि गुडघ्यावर बर्फाची पिशवी. टेबल मी दुपारीच ढकलून भिंतीला लावलं होतं. यांनी बर्फाकडे बघितलं, ताईंकडे बघितलं, भाजी वाढून घेतली.

"कुठली घेतलीस?"

"तीन पेडलांची."

यांनी पोळी मोडली. मग हे खाली मान घालून म्हणाले, "ताई, फॉर्मवर ते नाव... विम्याच्या दृष्टीने मला वाटलं की..."

"खोडलं."

यांनी मान हलवली. आणखी दोन घास गेले. "गुडघा सुजलाय."

"हो."

"गाडी सात आठवड्यांनी येईल. तोवर उतरेल सूज. पण मग रोज चालवणार, रोज सुजणार. मग?"

ताईंनी बर्फाची पिशवी उलटी केली, गार बाजू गुडघ्यावर घेतली आणि ताट पुढे केलं.

"मग रोज बर्फ लावीन," त्या म्हणाल्या. "भाजी वाढ."